नवीन लॅपटॉपवर क्लीन विंडोज टाकताना डिस्क दिसत नाही, टचपॅड चालत नाही, वायफाय येत नाही: काय करायचं

नवीन लॅपटॉप घेतला की पहिल्या तासातच कळतं की आत विंडोजपेक्षा बाकीचंच जास्त भरलंय. ट्रायलवाला अँटिव्हायरस दर थोड्या वेळाने खिडकी उघडतो, कंपनीची चार-पाच ॲप्स स्टार्ट होतानाच चालू होतात, दोन-तीन गेम आधीच येऊन बसलेले असतात. म्हणून लोक ठरवतात की सगळं पुसून कोरं विंडोज मारू, म्हणजे क्लीन इन्स्टॉल करू. पेनड्राइव्ह बनवतात, बूट करतात, पुढे पुढे जातात आणि विंडोज कुठल्या ड्राइव्हवर टाकायचं हे विचारणाऱ्या स्क्रीनवर येऊन थांबतात, कारण तिथली यादी कोरी असते. ५१२ जीबीची एसएसडी आत आहे, पाच मिनिटांपूर्वी त्याच एसएसडीवरून लॅपटॉप चालू होता, आणि सेटअप म्हणतंय ड्राइव्हच नाही.

हा प्रश्न इतक्या लोकांना इतक्या वेळा पडतो, आणि प्रत्येक वेळी "एसएसडी खराब निघाली", "दुकानदाराने फसवलं" इथपर्यंत गोष्ट जाते, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगतो. क्लीन इन्स्टॉल बिघडतं ते इन्स्टॉल करताना नाही, त्याआधी. कंपनीने दिलेलं विंडोज चालू आहे तोवर त्याच्याकडे तुमच्या मशीनचा प्रत्येक ड्रायव्हर (एकेक पार्ट विंडोजमध्ये चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) आहे, चालणारं वायफाय आहे, लायसन्स आहे. ते सगळं आधी काढून घ्या आणि मग पुसा. उलट्या क्रमाने केलं की दुसऱ्याचा कॉम्प्युटर मागायची वेळ येते.

खालचं सगळं विंडोज ११ च्या २४एच२ आणि त्यापुढच्या व्हर्जनसाठी आहे. आजकाल नवीन लॅपटॉपवर बहुतेक तेच येतं.

आधी हे ठरवा की क्लीन इन्स्टॉल खरंच हवंय का

सेटिंग्जमधलं "रीसेट धिस पीसी" म्हणजे क्लीन इन्स्टॉल असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. लॅपटॉप कंपन्या आपली ॲप्स आणि सेटिंग्ज सी ड्राइव्हमधल्या रिकव्हरी नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये एका पॅकेजमध्ये बांधून ठेवतात आणि रीसेट करताना विंडोज ते पॅकेज परत उलगडतं. काही मशीनवर रीसेट करताना कंपनीची ॲप्स परत टाकायची का असा पर्याय येतो, तिथे नाही म्हणता येतं. पण तो पर्याय दिसला नाही तर रीसेट करून तोच कचरा परत येणार हे धरून चाला. तुम्ही रीसेट तीनदा करा नाहीतर पाचदा, फरक पडणार नाही.

आणि त्रास फक्त त्या ट्रायल अँटिव्हायरसचा असेल तर सरळ अनइन्स्टॉल करा, स्टार्टअप ॲप्स बंद करा, अर्ध्या तासाचं काम आहे. अख्खं विंडोज पुसायचं असेल तर ते लॅपटॉप नवीन असताना, त्यात तुमचा काहीच डेटा नसताना करणं सगळ्यात सोपं. सहा महिन्यांनी करायला गेलं की बॅकअपचा व्याप आलाच.

पुसण्याआधी काय काय काढून घ्यायचं

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्रायव्हर. हे काम एका कमांडचं आहे आणि तरीही फार कमी लोक करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. दुसरा एक पेनड्राइव्ह लावा, समजा त्याला ई: हे अक्षर मिळालं, त्यात ड्रायव्हर्स नावाचा फोल्डर आधी बनवा (फोल्डर नसेल तर कमांड एरर देते), मग स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडा आणि ही कमांड द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत:

पीएनपीयूटिल /एक्सपोर्ट-ड्रायव्हर * ई:\ड्रायव्हर्स

स्टारच्या दोन्ही बाजूंना स्पेस आहे. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे सोडून बाकी जेवढे ड्रायव्हर मशीनमध्ये आहेत, म्हणजे स्टोरेज, वायफाय, टचपॅड, साउंड, ग्राफिक्स, कॅमेरा, ते सगळे त्या फोल्डरमध्ये वेगवेगळ्या सबफोल्डरमध्ये येऊन पडतात. ग्राफिक्समुळे साइज काही जीबी होते तेव्हा पेनड्राइव्हमध्ये जागा ठेवा. हे ड्रायव्हर तुमच्याच मॉडेलचे असल्यामुळे नंतर वेबसाइटवर "माझ्याकडे नेमकं कुठलं वायफाय कार्ड आहे" हे शोधत बसायची गरजच राहत नाही.

दुसरं, ऑफिस. आपल्याकडे बरेच लॅपटॉप ऑफिस होम (२०२४ च्या आधीचं होम अँड स्टुडंट) सकट येतात आणि ते आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडावं लागतं. पुसण्याआधी वर्ड उघडा, आपल्या अकाउंटने साइन इन करा, ॲक्टिव्हेट करून टाका आणि ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर ते ऑफिस तुमच्या नावावर दिसतंय ना ते बघा. एकदा तिथे दिसलं की विंडोज कितीदाही मारा, ऑफिस त्याच पानावरून परत डाउनलोड होतं. हे न करता पुसलं तर ऑफिसचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत भरलेले असूनही ते परत मिळवायला सपोर्टशी हुज्जत घालावी लागू शकते. वडिलांच्या किंवा दुकानदाराच्या अकाउंटने करू नका, जो वापरणार त्याच्याच अकाउंटने करा.

तिसरं, विंडोजची की. ती लिहून घ्यायची गरज नाही. विंडोज ८ पासून लॅपटॉपची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डवरच्या चिपमधलं कायमचं सॉफ्टवेअर) असते, म्हणून खाली पूर्वीसारखं स्टिकर नसतं. सेटअप ती की स्वतःच वाचतं आणि त्याप्रमाणे एडिशन निवडतं. फक्त सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउटमध्ये जाऊन एडिशन बघून ठेवा. आपल्याकडच्या लॅपटॉपवर बऱ्याचदा "होम सिंगल लँग्वेज" असतं. पुढे कधी सेटअपने एडिशन विचारलीच तर तीच निवडा. प्रो दिसतंय म्हणून प्रो निवडलं तर विंडोज टाकून होईल पण ॲक्टिव्हेट होणार नाही, आणि मग परत पहिल्यापासून.

लॅपटॉप डॉसवाला, म्हणजे विंडोजशिवाय, घेतला असेल तर फर्मवेअरमध्ये की नसते, लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं. ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या की घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच कुठल्यातरी कंपनीच्या नाहीतर संस्थेच्या लायसन्समधून फुटलेल्या असतात, आज चालतात आणि मायक्रोसॉफ्टने ब्लॉक केल्या की पैसे गेले.

चौथं, परतीचा रस्ता. पुसताना कंपनीचं रिकव्हरी पार्टिशनही जाणार आहे. डेलचं ओएस रिकव्हरी टूल, एचपीचं क्लाउड रिकव्हरी टूल, लेनोवोची डिजिटल डाउनलोड रिकव्हरी सर्व्हिस, यांच्याकडून सर्व्हिस टॅग, सिरियल नंबर किंवा प्रॉडक्ट नंबर देऊन मूळ फॅक्टरी इमेज मिळवता येते. लॅपटॉप परत करायची किंवा विकायची वेळ आली तर उपयोगी पडते. तुमच्या मॉडेलला ती मिळते का एवढं आधी बघून ठेवा, आणि लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा सिरियल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

पेनड्राइव्ह

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, त्यातलं सगळं पुसलं जातं. मी १६ किंवा ३२ चा घ्या म्हणेन कारण मग वर काढलेला ड्रायव्हर्स फोल्डर त्यातच टाकता येतो आणि एकाच पेनड्राइव्हवर काम भागतं. यूएसबी पोर्ट दोनच असलेल्या पातळ लॅपटॉपवर याची किंमत कळते, कारण एका पोर्टला माउस लागणारच आहे.

आयएसओ (विंडोज सेटअपची एकत्र बांधलेली फाइल) डाउनलोड करून त्यातल्या फाइल्स पेनड्राइव्हवर नुसत्या कॉपी करणाऱ्यांना एक एरर हमखास येतो, फाइल खूप मोठी आहे असा. यूईएफआय (आजच्या लॅपटॉपची चालू व्हायची पद्धत) बूटसाठी पेनड्राइव्ह साधारणपणे फॅट३२ प्रकाराने फॉरमॅट केलेला लागतो आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तर आयएसओतली इन्स्टॉल.विम नावाची फाइल त्याहून मोठी असते. मीडिया क्रिएशन टूल तीच फाइल जास्त दाबून ईएसडी प्रकारात टाकतं म्हणून ती बसते. आयएसओच वापरायची असेल तर रुफस नावाचं पेनड्राइव्ह बनवायचं टूल वापरा, पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय ठेवा, बाकी ते बघून घेतं.

एक वेगळा एरर इथेच सांगतो कारण त्याची गल्लत वरच्या डिस्कवाल्या प्रॉब्लेमशी होते. सेटअप चालू होताच, डिस्कची स्क्रीन यायच्याही आधी "अ मीडिया ड्रायव्हर युवर कॉम्प्युटर नीड्स इज मिसिंग" असं आलं तर ड्रायव्हर शोधत फिरू नका. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह खराब असतो, नाहीतर डाउनलोड अर्धवट झालेलं असतं, नाहीतर पोर्टचा घोळ असतो. दुसऱ्या पोर्टला लावा, मधे हब असेल तर काढा, तरी तेच आलं तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर नव्याने बनवा.

बूट करताना

एचपीला एस्केप दाबून मग एफ९, डेल आणि लेनोवोला एफ१२, असूसला एस्केप, एमएसआयला एफ११. एसरला एफ१२ आहे पण बऱ्याच मॉडेलवर तो बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची स्वतःची सेटिंग्ज) जाऊन आधी एनेबल करावा लागतो, बायोस एफ२ ने उघडतं. काही लेनोवोंना बाजूला सुईच्या टोकाएवढं नोवो बटण असतं, लॅपटॉप बंद असताना पिनने दाबलं की मेनू येतो. की दाबूनही काही होत नसेल आणि थेट विंडोज चालू होत असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा आणि तिथून "यूज अ डिव्हाइस" निवडा, तेही तितकंच चांगलं. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, कोणी सांगितलं तरी करू नका.

सेटअप आलं आणि टचपॅड हलत नाही, तर घाबरू नका. आजच्या टचपॅडना सिरियल आयओसारखा चिपसेटचा ड्रायव्हर लागतो आणि तो पेनड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये असेलच असं नाही. यूएसबी माउस लावा. माउस नसेल तर टॅब, ॲरो, स्पेस आणि एंटरवर सगळं होतं, जरा वेळ लागतो इतकंच.

आता मुख्य प्रॉब्लेम: यादीत डिस्कच नाही

कारण समजून घ्या म्हणजे उपाय लक्षात राहील. इंटेलच्या ११व्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासूनच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरमध्ये व्हीएमडी, म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस, नावाची सोय आतच असते. मुळात ही सर्व्हरसाठी होती, अनेक एसएसडी एकत्र सांभाळायला. लॅपटॉप कंपन्या ती बायोसमध्ये चालू ठेवूनच मशीन पाठवतात. ती चालू असली की एसएसडी विंडोजला थेट दिसत नाही, मधे व्हीएमडी बसलेलं असतं. साध्या एनव्हीएमई एसएसडीचा ड्रायव्हर सेटअपमध्ये असतो, पण या मधल्या व्हीएमडीचा बऱ्याचदा नसतो, म्हणून एसएसडी ठणठणीत असूनही यादी कोरी. कंपनीच्या विंडोजमध्ये तो ड्रायव्हर आधीच टाकलेला होता, म्हणून पाच मिनिटांपूर्वी सगळं चालत होतं. एएमडी रायझनवाल्यांना हा त्रास सहसा होत नाही, त्यांची एसएसडी सरळ दिसते.

उपाय दोन आहेत. पहिला, जो मी नेहमी सांगतो, तो ड्रायव्हर लोड करायचा. डिस्कच्या स्क्रीनवरच "लोड ड्रायव्हर" आहे. ते दाबा, ब्राउझ करा, पेनड्राइव्हवरच्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये जा आणि ज्या सबफोल्डरचं नाव आयएस्टोरव्हीडी असं सुरू होतं तो निवडा. यादीत "इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर" आणि पुढे ९ए०बी, ४६७एफ, ए७७एफ असा काहीतरी कोड दिसेल. ९ए०बी हा ११व्या पिढीचा, ४६७एफ हा १२व्या पिढीपासून दिसणारा. "जुळत नसलेले ड्रायव्हर लपवा" अशा अर्थाची खूण खाली आधीच केलेली असते, ती तशीच राहू द्या. त्या खुणेमुळे तुमच्या मशीनला लागू होणारीच ओळ उरते. आणि खूण असताना यादी पूर्ण रिकामी आली तर याचा अर्थ ड्रायव्हर दुसऱ्या पिढीचा आहे, एसएसडी खराब आहे असा नाही. पुढे गेलात की काही सेकंदांत डिस्क येते, नाही आली तर एकदा रिफ्रेश करा.

आधीच पुसून बसला असाल आणि ड्रायव्हर काढलेले नसतील तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपल्या लॅपटॉप मॉडेलच्या सपोर्ट पेजवर जा, स्टोरेज विभागातला इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. डाउनलोड झालेली फाइल ईएक्सई असते, ती तशीच पेनड्राइव्हवर टाकून लोड ड्रायव्हरमध्ये दाखवली तर सेटअपला काहीच दिसत नाही, कारण त्याला आयएनएफ फाइल हवी असते. ईएक्सई उलगडावी लागते. इंटेलच्या साइटवरची सेटअपआरएसटी असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये तिच्या नावापुढे स्पेस देऊन -एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स आणि पुढे फोल्डरचं नाव असं दिलं की ती उलगडते. लॅपटॉप कंपनीची ईएक्सई असेल तर सेव्हन-झिपने उघडून बघा, बऱ्याच उघडतात. आत .आयएनएफ, .सिस आणि .कॅट अशा तीन प्रकारच्या फाइल्स एकत्र दिसल्या की तोच फोल्डर. अख्खा फोल्डर कॉपी करा, नुसती आयएनएफ नाही.

इंटेलकडून घेताना व्हर्जन बघून घ्या. एकाच नावाच्या ड्रायव्हरची वेगवेगळी व्हर्जनं वेगवेगळ्या पिढ्यांसाठी असतात, कुठली पिढी चालते ते त्या पानावरच लिहिलेलं असतं. सगळ्यात नवीन तेच चांगलं असं धरून ११व्या पिढीच्या मशीनला नवीन व्हर्जन लावलं तर यादी रिकामीच राहू शकते.

दुसरा उपाय बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करायचा. एसरच्या बऱ्याच मॉडेलवर हा पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबवर असताना कंट्रोल आणि एस दाबलं की दिसतो. काही कंपन्यांच्या मशीनवर हा पर्यायच नसतो. बंद केल्यावर डिस्क लगेच दिसते आणि एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर विंडोज व्यवस्थित चालतंसुद्धा, मग मी हा उपाय दुसरा का ठेवतो? पुढे कधी बायोस अपडेटनंतर किंवा सर्व्हिस सेंटरला बायोस रीसेट झालं आणि व्हीएमडी परत चालू झालं, तर त्या दिवशी लॅपटॉप चालू होताना निळी स्क्रीन आणि "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". तोवर वर्ष उलटलेलं असतं, ही सेटिंग कोणाच्याही लक्षात राहिलेली नसते, आणि ऐन परीक्षेच्या नाहीतर सबमिशनच्या आधी हे झालं तर डेटा गेला असंच वाटतं. तेव्हा बंद करायचंच असेल तर बायोसच्या त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. आणि हो, चालू असलेल्या विंडोजमध्ये ही सेटिंग अधूनमधून बदलून बघू नका, विंडोज ज्या स्थितीत टाकलं तीच ठेवा.

आमच्या शेजारच्या मुलीचा नवीन लॅपटॉप परवाच असा आला होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉलेजातल्या कोणीतरी "पुसून टाक, फास्ट होईल" म्हणून सांगितलेलं. यादी कोरी, दुकानात फोन केला तर तिथून उत्तर आलं की एसएसडी गेली, आणून द्या, आठ-दहा दिवस लागतील. बायोस उघडून पाहिलं तर एसएसडीचं नाव आणि ५१२ जीबी व्यवस्थित दिसत होतं. बायोसमध्ये दिसतेय याचा अर्थच ती जिवंत आहे. प्रोसेसर १३व्या पिढीचा, ड्रायव्हर उलगडून लोड केला, ए७७एफवाली ओळ आली आणि डिस्क समोर. तेव्हा कुठल्याही निष्कर्षावर यायच्या आधी बायोस बघा. तिथेच एसएसडी दिसत नसेल तर मात्र प्रॉब्लेम खरंच हार्डवेअरचा असू शकतो. स्वतः उघडू नका, वॉरंटीत आहे, सर्व्हिसला द्या.

पुसताना

डिस्क दिसली की तिच्यावर चार-पाच पार्टिशन दिसतात. एक १०० ते २६० एमबीचं सिस्टमचं, एक १६ एमबीचं, मोठं प्रायमरी, आणि रिकव्हरीची एक-दोन. लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क असेल तर "डिस्क ०" आणि "डिस्क १" नीट बघून घ्या, साइजवरून ओळखा, पेनड्राइव्हसुद्धा त्याच यादीत असतो. ज्या एसएसडीवर विंडोज टाकायचंय फक्त तिचीच सगळी पार्टिशनं एकेक करून डिलीट करा, शेवटी "अनॲलोकेटेड स्पेस" अशी एकच ओळ राहील. ती निवडा आणि नेक्स्ट. नवी पार्टिशनं हाताने बनवू नका, विंडोज स्वतः बनवतं. डी ड्राइव्ह हवाच असेल तर नंतर डिस्क मॅनेजमेंटमधून करता येतो.

"ही डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी पद्धत) आहे म्हणून विंडोज टाकता येत नाही" असं आलं, जे डॉसवाल्या लॅपटॉपवर कधीकधी येतं, तर शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड विंडो उघडा (काही लॅपटॉपवर एफएनसुद्धा धरावं लागतं), डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, मग साइज बघून सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर, मग क्लीन. क्लीन विचारत नाही, लगेच पुसतं, म्हणून नंबर दोनदा बघा.

बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करणारी विंडोजची सोय) की मागेल का ही भीती बऱ्याच जणांना असते. पूर्ण डिस्क पुसताना की लागत नाही. लागते ती त्या डिस्कवरचा डेटा वाचायचा असेल तेव्हा.

पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्या. बायोसमध्ये यूएसबीचा नंबर पहिला असेल तर रीस्टार्ट झाल्यावर लॅपटॉप परत पेनड्राइव्हवरूनच चालू होतो, सेटअपची पहिली स्क्रीन येते आणि लोकांना वाटतं इन्स्टॉल फेल झालं, म्हणून ते परत सगळं डिलीट करून पहिल्यापासून सुरू करतात. असं गोल गोल फिरत अख्खी रात्र घालवलेले लोक मी पाहिलेत.

इंटरनेटच्या स्क्रीनवर अडकलं

नवीन वायफाय कार्डांचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नसेल तर "कनेक्ट टू अ नेटवर्क" वर काहीच दिसत नाही आणि पुढेही जाता येत नाही. २४एच२ मध्ये त्याच स्क्रीनवर ड्रायव्हर इन्स्टॉल करायचा पर्याय दिलाय, पेनड्राइव्ह लावून ड्रायव्हर्स फोल्डर दाखवा. ते जमलं नाही तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, विंडोजला ते लॅनसारखं दिसतं आणि त्याचा ड्रायव्हर आधीच आत असतो. फक्त अपडेट डाउनलोड व्हायला लागले की डेटा भराभर संपतो, तेव्हा डेस्कटॉप दिसला की पहिलं काम वायफायचा ड्रायव्हर टाकायचा आणि टेदरिंग बंद करायचं. इंटरनेट चुकवायच्या जुन्या बायपासच्या कमांड अजून सगळीकडे फिरतायत, पण मायक्रोसॉफ्ट त्या नव्या बिल्डमधून काढत चाललंय, त्यावर विसंबून सुरुवात करू नका.

डेस्कटॉप आल्यावर

परत ॲडमिन टर्मिनल, आणि काढून ठेवलेले सगळे ड्रायव्हर एका दमात टाका:

पीएनपीयूटिल /ॲड-ड्रायव्हर ई:\ड्रायव्हर्स\*.आयएनएफ /सबडिर्स /इन्स्टॉल

मधेच स्क्रीन काळी होऊन परत येईल, तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसतोय. झालं की रीस्टार्ट, मग विंडोज अपडेट दोन-तीनदा. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये एखादं पिवळं चिन्ह उरलं तर प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं जा. तिथल्या ओळीत व्हेन (व्हेंडर, म्हणजे चिप बनवणारी कंपनी) नंतर ८०८६ असेल तर इंटेल, १०२२ एएमडी, १०डीई एनव्हिडिया, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक. एवढं कळलं की सपोर्ट पेजवर कुठल्या नावाखाली शोधायचं ते कळतं. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर्स अजिबात टाकू नका, जो कचरा काढायला बसलो तोच दुसऱ्या दाराने आत येतो.

आवाजाकडे मुद्दाम लक्ष द्या. पिवळं चिन्ह कुठेच नाही, आवाज येतोय, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा बारीक येतोय, अशी तक्रार क्लीन इन्स्टॉलनंतर फार येते. विंडोजने स्वतःचा साधा ऑडिओ ड्रायव्हर लावलेला असतो आणि स्पीकरसाठी कंपनीने केलेलं ट्यूनिंग, डॉल्बी किंवा डीटीएसवालं, गेलेलं असतं. वरच्या कमांडने बहुतेक वेळा परत येतं, नाही आलं तर सपोर्ट पेजवरचा तुमच्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर टाका, रिअलटेकचा सर्वसाधारण नको.

कंपनीचं एक ॲप मात्र मी ठेवा म्हणेन. लेनोवो व्हँटेज, मायअसूस अशांमध्ये बॅटरी ८० टक्क्यांना थांबवायची सोय असते, फॅनचे मोड असतात. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून वापरणाऱ्यांच्या बॅटरीला याचा खरा फायदा होतो.

इतकं करूनही कंपनीचं ॲप आपोआप परत आलं तर

हे दोन वाटांनी होतं. विंडोज ८ पासून डब्ल्यूपीबीटी नावाची सोय आहे, तिच्यामुळे लॅपटॉपचं फर्मवेअर विंडोज चालू होताना आपला एक प्रोग्रॅम त्याच्याकडे देऊ शकतं, म्हणजे डिस्क कितीही पुसली तरी ते मदरबोर्डमधून येतं. बायोसमध्ये ते बंद करायचा पर्याय असतो का बघा, असूसच्या गेमिंग मॉडेलवर आर्मरी क्रेट नावानेच तो सापडतो. दुसरी वाट विंडोज अपडेटची. सर्चमध्ये "डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज" शोधा, उत्पादकांची ॲप्स आपोआप डाउनलोड करायची का असं विचारतं, तिथे नो करा. हे शक्यतो वायफाय जोडल्या जोडल्याच करा.

शेवटची दोन कामं

२४एच२ क्लीन टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, न विचारता. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत दिसेल. चालू असेल तर राहू द्या, लॅपटॉप चोरीला गेला तर डेटा सुरक्षित राहतो, पण त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये गेलीय का ते आजच बघा आणि कागदावर लिहून घरात ठेवा. बायोस अपडेट झालं किंवा वरची व्हीएमडीची सेटिंग हलली की ती मागितली जाऊ शकते, आणि की नसेल तर डेटा कोणीच परत आणू शकत नाही, मायक्रोसॉफ्टसुद्धा नाही.

आणि "सिंगल लँग्वेज" वाचून मराठी टाइप करता येणार नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. ते फक्त मेनूच्या भाषेबद्दल आहे. टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी जोडा, कीबोर्डमध्ये मराठी फोनेटिक निवडा, तो २०१९ पासून विंडोजमध्ये आतच आहे, वेगळं काही डाउनलोड करायला नको. विंडोज की आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.